ताशी आठ आणे

माझ्या थोरल्या दिरांइतका तासांचा हिशेब ठेवणारा माणूस आमच्या खाडीकाठच्या पट्ट्यात आजवर झाला नाही आणि पुढे होईल असंही मला वाटत नाही. आता ज्याला नवी मुंबई म्हणतात तिथं त्या वेळी खाडी होती, मिठागरं होती, भाताची खाचरं होती आणि घणसोलीपासून हाकेच्या अंतरावर आमचं चाळीस घरांचं गाव होतं. त्या गावात वेळ भरपूर होता, पण तास नव्हते. माणसं भरतीला निघत, ओहोटीला परतत, आणि एखाद्या कामाला किती वेळ लागला असं विचारलं तर सांगत, अर्धी ओहोटी. अशा गावात जन्मून, चौथीपर्यंत कशीबशी शाळा शिकून, या माणसानं तासाला असं काही घट्ट धरलं, की त्यांच्या तोंडून रुपया हा शब्द मी फार क्वचित ऐकला. ते सगळं तासांत सांगत.

याची सुरुवात झाली ठाणे-बेलापूर रस्त्यावर रंगाचा कारखाना आला तेव्हा. साठ साल उलटून गेलं होतं. दीर तोवर मिठागरावर कामाला होते. कारखान्यात भरती सुरू झाली आणि धिप्पाड म्हणून त्यांना पिंपं उचलायच्या कामावर घेतलं. पहिला पगार झाला एकशे चार रुपये. गावातल्या इतर नोकरदारांनी पहिल्या पगाराचे पेढे वाटले, यांनी चुलीतला कोळसा घेतला आणि ओटीच्या भिंतीवर भागाकार मांडला. सव्वीस दिवसांनी भागलं, चार रुपये आले. आठ तासांनी भागलं, आठ आणे आले. खाली काही उरलं नाही. दीर माझ्या सासूबाईंना म्हणाले, "आये, मी तासाला आठ आने हाय." सासूबाईंना त्यातलं काही कळलं नाही. भिंत कोणी सारवायची एवढंच त्यांनी विचारलं. पण दिरांनी ती भिंत सारवू दिली नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मिठागराचा हिशेब काढला. तिथं हंगामाच्या शेवटी उक्ते पैसे मिळत, आणि एवढी मोठी रक्कम एकदम हातात आली म्हणून माणसं खूश होऊन घरी येत. दिरांनी त्या उक्त्या रकमेला हंगामाच्या दिवसांनी आणि उन्हातल्या तासांनी भागलं, तर तासाला जेमतेम तीन आणे पडले. त्या रात्री ते जेवले नाहीत. दहा वर्षं आपण तीन आण्यांनी जात होतो आणि आपल्याला पत्ताच नव्हता, हे त्यांच्या मनाला फार लागलं. पुढं त्यांच्या या वेडाला आम्ही पोट धरधरून हसलो, पण त्याच्या मुळाशी काय होतं ते मी विसरले नाही. एकदम हातात पडणारी रक्कम माणसाला फसवते, तिला तासांनी भागलं की ती खरं बोलायला लागते, असं त्यांचं ठाम मत होतं.

मग काय, घरात येणारी प्रत्येक वस्तू भागाकारातून आत येऊ लागली. माझ्या जाऊबाईंना गौरीला लुगडं आणलं तेव्हा ते बत्तीस तासांचं, म्हणजे पुरे चार दिवसांचं आहे असं त्यांनी चारचौघींत सांगितलं. जाऊबाई ते नेसून उठताना-बसताना इतक्या जपत, की बघणाऱ्याला वाटावं दिरांचे चार दिवस फाटतील अशी त्यांना भीती आहे. कोलंबी दीड तासाची, चपला बारा तासांच्या, गजराचं घड्याळ छत्तीस तासांचं. पण यात कंजूषपणा नव्हता, हे मला मुद्दाम सांगायला हवं. पाहुणे येऊन गप्पा मारून गेले की दीर मनातल्या मनात माणसं आणि तास गुणत आणि समाधानानं सांगत की आज तीन रुपयांच्या गप्पा झाल्या. पाहुण्यांना वाटे हा आपल्याला खर्च ऐकवतो आहे. खरं तर ते पाहुण्यांची किंमत करत होते. एवढ्या महागाची माणसं आपल्या ओटीवर येऊन बसली याचा त्यांना अभिमान वाटे.

खाडीतले निवटे मासे घेऊन एक कोळीण दारावर यायची. बाजारात कुणीही केली असती तशी घासाघीस जाऊबाई करत. दिरांनी एकदा मध्ये पडून त्या कोळणीला विचारलं, की हे पकडायला तिला किती वेळ चिखलात उभं राहावं लागलं. ती म्हणाली, अर्धी ओहोटी. दिरांनी अर्ध्या ओहोटीचे तीन तास धरले, आठ आण्यांनी गुणलं आणि ती मागत होती त्याच्या दुप्पट पैसे तिच्या हातावर ठेवले. जाऊबाईंनी कपाळाला हात लावला. कोळीण शहाणी होती. त्यानंतर तिच्या ओहोट्या महिन्यामहिन्याला लांबत गेल्या, आणि एकदा तर तिनं दोन वाटे निवट्यांसाठी अख्खी ओहोटी आणि वर घरी येण्याची वाट असा वेळ सांगितला. दीर तेही द्यायला निघाले होते. सासूबाईंनी आतून येऊन टोपली झाकली म्हणून वाचलो.

आपल्याहून ज्याचा दर कमी, त्याच्याविषयी त्यांना फार वाईट वाटे. माझ्या नणंदेच्या लग्नात धवलारणीनं दोन दिवस मिळून वीस तास लग्नाचे धवले गायले आणि रिवाजाप्रमाणे तिला पाच रुपये आणि नारळ दिला. दिरांनी मांडवातच हिशेब केला, चार आणे आले. मी नुसती पिंपं उचलतो, या म्हातारीला सगळ्या देवांची आणि कुळांची नावं पाठ ठेवावी लागतात, आणि हिला माझ्या निम्मे, असं म्हणून त्यांनी स्वतःच्या खिशातले आणखी पाच रुपये घालून तिला आठ आण्यांवर आणलं. उलट सत्यनारायणाला आलेल्या भटजींचे अडीच तास आणि सव्वा रुपया दक्षिणा यांचा भागाकार नेमका आठ आण्यांवर आला, तेव्हा दीर इतके खूश झाले की त्यांनी भटजींच्या शेजारी पाट मांडला आणि त्यांना आपल्याच खात्यातला माणूस असल्यासारखं, तुमची सुट्टी कधी असते, असं विचारलं. भटजी पुढच्या वर्षी आमच्याकडे आले नाहीत.

इथं आमच्या घराची एक रीत सांगते. धाकट्या भावजयीनं थोरल्या दिरांशी समोरासमोर बोलायचं नाही. माझं माहेर ठाण्याचं, मी सातवी पास, भागाकार मलाही येई. पण दिरांचा एखादा हिशेब चुकला तर मी तो सासूबाईंना सांगायचा आणि त्यांनी तो, स्वतःला न समजताच, दिरांना सांगायचा अशी आमची व्यवस्था होती. माझे यजमान मुंबई बंदरात बार्जवर कामाला होते, पंधरा पंधरा दिवस घरी नसत. त्यामुळे घरात कर्ता बाप्या म्हणजे दीरच. त्यांचे हात कधी कोपरापर्यंत निळे असत, कधी पिवळे. हातांवरून आज ते कारखान्याच्या कोणत्या भागात होते ते आम्हाला समजे. मात्र अजून ते टेंपररी होते. सलग दोनशे चाळीस दिवस भरले की कायम करू असं कारखान्यानं सांगितलं होतं आणि कायम झालं की पगार एकशे तीस होणार होता. दीर रोज संध्याकाळी भिंतीवर एक रेघ ओढत. आजारपणातही त्यांनी खाडा केला नाही.

त्या वर्षी भादव्याच्या पुनवेला, भर दुपारच्या उधाणात आमच्या गावचा खाडीकडचा बांध फुटला. खाऱ्या जमिनीत शेती करणाऱ्यांनाच याचा अर्थ कळेल. भात पोटरीला आलेलं असतं, आणि बांधाला खांड पडली की खाडीचं पाणी दर भरतीला आत शिरतं. भात तर जातंच, शिवाय जमीन पुढं दोन-तीन वर्षं खारी होऊन पडते. अशा वेळी आमच्याकडची रीत अशी, की घरटी एक माणूस घमेलं-फावडं घेऊन बांधावर हजर व्हायचा आणि पाणी उतरलेलं असेल तेवढ्या चार-पाच तासांत माती घालायची. खांड बुजेपर्यंत रोज यायचं. या कामाची मजुरी कुणी घेत नसे आणि कुणी देत नसे. शेजारच्या गावालाही हाक घातली की तिथली माणसं स्वतःची भाकरी बांधून येत, आणि त्यांचा बांध फुटला की आपण जायचं.

पण त्या वर्षी अडचण वेगळी होती. ओहोटी सकाळची, आणि कारखान्यांची पाळी सकाळी सातची. गावातल्या चाळीस घरांपैकी चौदा घरांचे बाप्ये कारखान्यांत लागलेले, बहुतेक सगळे टेंपररी. खाडा केला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. दिरांचे तर फक्त नऊ दिवस उरले होते. गावदेवीच्या देवळासमोर बैठक बसली. पाटलांना किंवा पंचांना नोकरी सोडून या असं कुणाला सांगवेना आणि येऊ नका असंही म्हणवेना. तेव्हा दीर उठले. त्यांना आपल्या आयुष्यात पहिल्यांदाच गावाच्या उपयोगी पडता येणार होतं. त्यांनी देवळाच्या पायरीवर कोळशानं भागाकार मांडला आणि सांगितलं, की ज्या घराला माणूस देता येत नाही त्यानं आपल्या माणसाचे तास द्यावेत. ताशी आठ आणे, चार तासांचे दोन रुपये, रोजच्या रोज डब्यात टाकावेत. त्या पैशांतून शेजारच्या म्हाप्याकडची माणसं मजुरीवर आणू. कुणाचं नुकसान नाही आणि कुणी कुणाच्या उपकारात नाही. पंचांना ते इतकं पटलं की पाटलांनी स्वतःच्या घरातला बिस्किटांचा रिकामा डबा आणून देवळात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या डब्यात दोन-दोन रुपये टाकून चौदा जण कारखान्याला गेले. इथवर ठीक होतं. पण मग किराणा दुकानदार आला, त्यानंही दोन रुपये टाकले. बैलगाडीवाल्यानं टाकले. ज्याची कंबर धरली होती त्यानं टाकले, आणि त्याचं बघून ज्याची धरली नव्हती त्यानंही टाकले. एरवी बांधावर न जाणं ही तोंड लपवण्याची गोष्ट होती. आता तिला दर मिळाला होता आणि तो भरला की माणूस ताठ मानेनं घरी बसू शकत होता. ऊन वर येईपर्यंत सव्वीस घरांचे बावन्न रुपये जमले आणि बांधावर माणसं आली चौदा. त्या चौदांतल्या एकानं, तो बिचारा दुसऱ्याची शेती करणारा होता, खांडीत उभं राहून विचारलं, की न येण्याचे आठ आणे, तर येण्याचे किती. प्रश्न रास्त होता. दोघं-तिघं फावडी खांद्यावर टाकून परत गेले. म्हाप्याला पाठवलेला माणूसही एकटाच परत आला. तिथल्या म्हाताऱ्यानं निरोप दिला होता, "बांध फुटला म्हनून हाक घातली असतीत तर आमी आलो असतो. मजुरीला आमी तुमच्याकडं येत नाय."

संध्याकाळी दीर घरी आले तेव्हा खांड दोन हातांची चार हात झाली होती. मी सगळं सासूबाईंना सांगितलं, त्यांनी त्यांच्या परीनं दिरांना सांगितलं. आणि मग या भल्या माणसानं जो निष्कर्ष काढला, तो दुसऱ्या कुणाला सुचलाच नसता. ते म्हणाले, दर कमी पडला. आठ आण्यांत न येणं परवडतं, बारा आणे केले तर परवडणार नाही. पंचांनी तेही मान्य केलं. तिसऱ्या दिवशी अठ्ठावीस घरांनी तीन-तीन रुपये टाकले. बारा आणे भरलेला माणूस तर आपण गावावर उपकारच केल्यासारखा दारात विडी ओढत बसला. डबा जड झाला, आणि खांडीतून आमच्या खालच्या खाचरांत पाणी आलं.

दीर आपले तीन रुपये टाकून साडेसहाला कारखान्याला गेले. त्यांची पाठ वळली आणि सासूबाईंनी परसातलं घमेलं घेतलं. मी विचारलं, कुठं निघालात. त्या म्हणाल्या, "आपल्या घरचा मानूस बांधावर नाय. मी मानूस नाय का?" त्या साठीला आलेल्या होत्या. मी आणि जाऊबाई त्यांच्या मागोमाग गेलो. बांधाच्या कामाला बायका खांडीत उतरत नसत, वरून टोपल्या पोचवत. सासूबाई सरळ खाली उतरल्या आणि कमरेएवढ्या चिखलात उभ्या राहिल्या. उरलेले दहा-बारा बाप्ये त्यांच्याकडे माती पुढं देऊ लागले. आम्ही दोघीही उतरलो. पायाखालून पाण्याची ओढ जाणवत होती आणि टाकलेलं प्रत्येक घमेलं डोळ्यांदेखत विरघळत होतं. मला त्या दिवशी खरोखर भीती वाटली. शेताची नव्हे, सासूबाईंच्या जिवाची.

कारखाना रस्त्यालगत उंचावर. साडेआठच्या चहाला माणसं नळावर येत आणि तिथून सगळी खारजमीन, तिच्या कडेचा बांध, अगदी खाडीपर्यंतचं दिसे. त्या दिवशी नळावर दिरांना खांडीत लुगडी दिसली. एवढ्या लांबून तोंडं दिसत नाहीत. पण आई कशी वाकते ते मुलाला ठाऊक असतं. पुढचं मला त्यांच्याबरोबरच्या कामगारांनी नंतर सांगितलं. दीर थेट फाटकावर गेले. तिथला टाइमकीपर दादरकडचा, मनानं चांगला माणूस. त्यानं रजिस्टर दाखवून समजावलं, "हे बघ, घाई करू नको. तुझे आठ दिवस राहिलेत फक्त. आत्ता बाहेर पडलास तर ब्रेक लागतो, मग माझ्याही हातात काही नाही." दीर काही हिशेब करतील असं सगळ्यांना वाटलं. ते एवढंच म्हणाले, "आय पान्यात उभी हाय." आणि फाटकातून बाहेर पडले.

ते बांधावर आले तेव्हा भरती लागायला तासभर उरला होता. हात कोपरापर्यंत निळे, अंगावर कारखान्याचे खाकी कपडे. ते खांडीत उतरले आणि सासूबाईंच्या हातातलं घमेलं घ्यायला लागले. सासूबाईंनी ते सोडलं नाही. त्यांच्याकडे न बघताच म्हणाल्या, "तुजे तीन रुपये डब्यात हायेत. तू कामाला जा." त्या रागानं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, त्या अगदी नेहमीच्या आवाजात बोलल्या. दीर त्यांच्या शेजारी उभे राहिले आणि तासभर त्या दोघांनी माती लोटली. पाणी चढलं तेव्हा सगळे वर आलो.

मग दिरांनी देवळातला डबा काखेत मारला आणि चिखलानं भरलेल्या तशाच कपड्यांनी ते घरोघर फिरले. ज्यानं जेवढे टाकले होते तेवढे त्याच्या हातावर ठेवले. कुणाचे दोन, कुणाचे पाच. दुकानदार म्हणाला, अरे पण तुझा हिशेब काय चुकीचा होता? दीर त्याला म्हणाले, "हिशेब बरोबर हाय. तो मांडायलाच नको होता. पैसे घ्या, मानूस द्या." ज्याच्या दारात ते असे उभे राहिले त्याला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. मग ते तसेच चालत म्हाप्याला गेले आणि तिथल्या म्हाताऱ्याला बांध फुटलाय, या, एवढंच सांगून परत आले.

चौथ्या दिवशी बांधावर घरटी एक माणूस तर होताच, काही घरांतून दोन दोन होते, आणि म्हाप्याचे बाराजण भाकऱ्या बांधून आले होते. सासूबाई त्या दिवशीही आल्या, सगळ्यांच्या आधी खांडीत उतरल्या आणि चार तास झाले तरी वर यायला तयार होईनात. मग मात्र गावानं त्यांना हाताला धरून वर घेतलं आणि उद्यापासून बांधावर यायचं नाही असं पाटलांनी हात जोडून सांगितलं. दीर शेवटपर्यंत राहिले. आणखी दोन दिवसांनी खांड बुजली. बांधालगतची खालची खाचरं खारी झाली ती झालीच, त्यात आमची दोन होती. पण गावचं बाकीचं भात वाचलं. त्यानंतर बांधाच्या कामाला आमच्या गावात कुणी दराचं नाव काढलं नाही.

दिरांना अर्थातच ब्रेक लागला. कारखान्यानं त्यांना परत घेतलं, पण मोजणी पहिल्यापासून, आणि मध्येच काम कमी झालं म्हणून पुन्हा एकदा ती तुटली. सगळं मिळून ते दोन वर्षं उशिरा कायम झाले. या दोन वर्षांत त्यांनी कपडे, भांडी, औषधं या सगळ्यांचे तास काढले, पण बांधावरच्या दिवसांविषयी ते कधी बोलले नाहीत. त्यांची चूक होती असं कुणी म्हणालं नाही आणि त्यांनी मोठं काही केलं असंही कुणी म्हणालं नाही. गावाला ते दोन्ही अवघड जात असावं. मला मात्र राहून राहून वाटे, की सगळ्या जगाचे तास मोजणाऱ्या या माणसाचे ते तास कुणीतरी मोजायला हवेत.

कायम झाल्याचं पत्र आलं तेव्हा सासूबाईंना जाऊन चार महिने झाले होते. दीर ओटीवर एकशे तीसचा भागाकार करत बसले होते आणि तो साडेबासष्ट पैशांवर अडला होता. अर्धा पैसा कुठल्याही बाजारात मिळत नाही, तर तो आपल्याला कारखाना कशात देतो, या विचारात ते होते. घरात आता मधे निरोप सांगणारं कुणी नव्हतं. मी डोक्यावरून पदर घेतला, ओटीवर गेले आणि बरेच दिवस जपून ठेवलेला कागद त्यांच्यासमोर ठेवला. एकशे तीसमधून एकशे चार गेले, उरले महिन्याचे सव्वीस. कायम व्हायला दोन वर्षं उशीर झाला, त्याचे बुडाले सहाशे चोवीस रुपये. बांधावर दीर होते सोळा तास. पहिल्या दिवशीचा एक आणि नंतरच्या तीन दिवसांचे पाच-पाच, मी तेव्हाच मोजून ठेवले होते. भागाकार येत होता ताशी एकोणचाळीस रुपये. मी चाचरत म्हणाले, "दादा, एवढ्या दराचा माणूस आपल्या गावात दुसरा नाही."

त्यांनी कागद घेतला आणि सवयीप्रमाणे भागाकार पहिल्यापासून तपासला. बरोबर होता. मला वाटलं ते हसतील. पण त्यांनी पेन्सिल माझ्याकडे परत केली आणि म्हणाले, "यात आयेचे तास नाय धरलेस."

मी म्हणाले, सासूबाईंना कुठे पगार होता, त्यांचं काही गेलं नाही, मग त्यांचे तास या हिशेबात कसे धरायचे.

"नसूं दे पगार. दोन दिवस ती चार-चार तास उभी होती. तिचे आठ मिलव. माजा दर उतरला तरी चालंल."

मी सोळात आठ मिळवले. चोवीस तास झाले. सहाशे चोवीसला पुन्हा भागलं, ताशी सव्वीस रुपये आले. दिरांनी मला त्या आकड्याखाली दोन नावं लिहायला सांगितली, आधी आईचं आणि मग स्वतःचं. ते रडत होते आणि मी, इतक्या वर्षांची रीत मोडून, तिथंच त्यांच्यासमोर बसून राहिले. सासूबाई जन्मभर राबल्या. त्यांच्या नावावर कमाई म्हणून कागदावर लिहिली गेली ती एवढीच, आणि ती त्यांच्या मुलानं आपल्या दरातून कापून त्यांना दिली.